पहिल्यांदा लिफ्टमध्ये कोण बसणार?

"आमच्या पैशानं मालकाचे शेअर्स दुप्पट भावानं घेतलेसच कशाला?" लिफ्ट कारखान्याच्या कँटीनमध्ये मालन धायगुडे कडाडली. कंपनी बुडाली होती आणि कामगारांची म्हातारपणाची सगळी पुंजी त्याच शेअर्समध्ये होती.

भिंतीवरच्या पडद्यातून विश्वस्त शांतपणे बोलला. कामगारांचे शेअर्स सांभाळायला आता माणसाऐवजी यंत्रच नेमत. "भाव मालकांनी दिलेल्या आकड्यांवरून काढला. चूक झाली. दिलगीर आहे."

"भरपाई कोण देणार?"

"माणूस विश्वस्त असता, तर त्याच्या घरादारावर जप्ती आली असती. माझ्याकडे जप्त करण्यासारखं काहीच नाही. म्हणूनच मालकांनी माझं नाव सुचवलं होतं."

यंत्र लाच खात नाही म्हणून कामगारांनीच त्याच्या बाजूनं मत द्यायला खुशीनं हात वर केले होते.

मालन थेट पडद्यासमोर गेली. "इथं लिफ्ट पास करणारा आधी स्वतः तिच्यात बसतो. इतकी वर्षं मी बसतेय. आपलाच जीव टांगलेला असतो, म्हणून दोर पुन्हा पुन्हा तपासते. तू कशात बसला होतास रे?"

"कशातच नाही."

"मग सही कशाला ठोकलीस, मेल्या?"