डोळे शेवटी

शिंगं रंगवून झाली आणि मनोहररावांनी बैलाचं तोंड भिंतीकडे फिरवून ठेवलं.

"डोळे शेवटी," ते म्हणाले. दरवर्षी म्हणत तसंच.

अश्लेषा चहाचा कप घेऊन गॅलरीच्या दारात उभी होती. मनीषनगरच्या त्या फ्लॅटची गॅलरी एवढीशी. तिथं वर्तमानपत्र अंथरलेलं, वर चार चाकांचा लाकडी बैल. श्रावण लागला की तिचे बाबा या कामाला बसत. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी बिल्डिंगमधली पोरं आपापले बैल ओढत तोरणाखाली उभी राहायची, मग घरोघरी बोजाऱ्याचे पैसे गोळा करत फिरायची. आणि वरच्या मजल्यावर, कॉलेजात शिकवणाऱ्या, चष्मा लागलेल्या अश्लेषालाही नवा बैल मिळायचा. जुने बैल माळ्यावर होते. आई त्या माळ्याला गोठाच म्हणायची.

"यंदा झूल कोणत्या रंगाची पाहिजे वं?"

"तुम्हाला आवडेल ती घाला, बाबा."

"माह्या आवडीचा काय संबंध? बैल तुहा आहे."

"मग निळी."

दरवर्षी ती निळीच सांगायची. बाहुलीचा फ्रॉक निळा होता.

ती पाच वर्षांची असताना सीताबर्डीवर एका दुकानाच्या काचेत ती बाहुली उभी होती. आडवी केली की डोळे मिटणारी. अश्लेषानं बोट दाखवून, रस्त्यात बसून, भोकाड पसरलं. तिचं बोट आणि ती काच यांच्या मधे फुटपाथवर एक हातगाडी होती. तान्हा पोळा तोंडावर आलेला, हातगाडीभर लाकडी बैल. बाबांनी बोटाच्या रोखानं पाहिलं आणि सगळ्यात मोठा बैल उचलून तिच्या पुढ्यात ठेवला. त्यांचा चेहरा असा काही उजळला होता की तिचं रडणंच थांबलं. बाबांना वाटलं, बैल मिळाला म्हणून थांबलं. तेव्हापासून एकही पोळा त्यांनी चुकवला नाही.

खरं सांगायचं तिनं अनेकदा ठरवलं. पण बाबांना बैल भारी प्रिय, हे तिला दिसत होतं. रस्त्यात एखादा बसलेला असला तर ते लांबून वळसा घालून जात. त्याला उठवायला नको म्हणून. अशा माणसाला काय सांगायचं?

"बाबा," ती म्हणाली.

"काय वं?"

"काही नाही. चहा थंड होऊन राहिला."

दुसऱ्या दिवशी सकाळी मनोहरराव उठले नाहीत. झोपेतच गेले.

तेरवी आटोपली, पाहुणे पांगले. तान्हा पोळा आला तेव्हा घरात दोघीच होत्या, ती आणि तिची आई, प्रमोदिनीबाई. बैल अजून गॅलरीत तसाच होता, भिंतीकडे तोंड करून. अश्लेषानं त्याला उचलून आत आणलं.

"त्याचे डोळे राहिले," ती म्हणाली.

"राहणारच. डोळे काढायचं त्यायच्या जिवावर येई," आई म्हणाली. "आता सांगाले हरकत नाही. तुह्या बाबाले बैलाचं भेव वाटे."

"कोणाचं?"

"बैलाचं वं. लहानपणी काटोलले एका बैलानं असं उचलून फेकलं होतं, थेट संत्र्याच्या झाडात. तवापासून बैल दिसला का हे पलीकडच्या रस्त्यानं. लाकडाचा असला तरी डोळे काढले का म्हणत, पाहा, पाहून राहिला माह्याकडे."

अश्लेषा खुर्चीवर बसली. "मग दरवर्षी कशाला रंगवायचे?"

"मी बी तेच म्हटलं. पोरगी कॉलेजात शिकवते, आता बंद करा. तं म्हणे, तिनं जन्मात एकच वस्तू रडून मागितली. तेवढी तं देऊ दे मले."

अश्लेषानं बैलाच्या रंगवलेल्या शिंगांवरून बोट फिरवलं. मग तिनं बाहुलीचं सांगितलं. काच, हातगाडी, बोट, निळा फ्रॉक, सगळं. आई ऐकत होती. ऐकता ऐकता तिनं पदर तोंडाला लावला. अश्लेषा घाबरून जवळ गेली, तर आईला हसू आवरत नव्हतं.

"म्हणजे हे घामाघूम होऊन रंगवत, अन् तू वरून झूल बी सांगत होती!"

"निळी," अश्लेषा म्हणाली, आणि तीही हसायला लागली. इतक्या दिवसांनी त्या घरात कोणी हसलं. खालून पोरांच्या बैलांची चाकं गडगडत गेली.

मग तिनं काळ्या रंगाची डबी उघडली. बैलाचं तोंड आपल्याकडे वळवलं आणि डोळे काढले. एक जरा मोठा झाला. बैल चकित झाल्यासारखा दिसायला लागला. झूल तिनं निळीच घातली. बाबांच्या फोटोसमोर त्याला ठेवलं, दोन पावलं मागे सरकली, पुन्हा पुढे आली आणि बैलाचं तोंड दाराकडे फिरवलं.

आई बघत होती. बघू दे.

"बाबा," अश्लेषा मोठ्यानं म्हणाली, "मले तवा बाहुली पाहिजे होती."

फोटोतले बाबा हसतच होते. तिनं आपले डोळे पुसले.

"पण पुढच्या पोळ्याले मले बैलच पाहिजे."