नऊ ओळी

"एवढंच?" डॉक्टरांनी कागद उलटून पाहिला. मागची बाजू कोरी होती.

"एवढंच," बाबा म्हणाले. इस्त्रीचा सदरा घालून ते परीक्षेला बसल्यासारखे ताठ बसले होते.

तीन महिन्यांपूर्वी डॉक्टरांनीच सांगितलं होतं, जे विसराल ते लक्षात येताक्षणी लिहून ठेवा. त्यावरून ठरवू, एकटं राहायचं की लेकीकडे जायचं. बाबांनी जन्मभर कारखान्याचं स्टोअर सांभाळलेलं. घरच्या कॉम्प्युटरवर ते इमानेइतबारे एकेक ओळ टाकत गेले. आज सकाळी त्यांनी फाईल लेकीला पाठवली. "तेवढी नीट करून छापून आण, पोरी."

नीट करणं हाच लेकीचा पोटापाण्याचा धंदा. गिऱ्हाइकांच्या पत्त्यांच्या याद्या ती दिवसभर साफ करते. एका घरी दोन पत्रं गेली की लोक चिडतात. त्यासाठी कॉम्प्युटरला हुकूम देणारी तिची दोन ओळींची स्क्रिप्ट तयारच होती. तीच ओळ पुन्हा दिसली की उडवायची. फाईल न वाचताच तिने ती चालवली. नऊ ओळी उरल्या. किल्ली, चष्मा, औषध, गॅस, असं काहीबाही. तिचा जीव भांड्यात पडला.

डॉक्टरांचाही पडला असावा. "तीन महिन्यांत नऊ वेळा? एवढं तर मी आठवड्यात विसरतो. राहा खुशाल आपल्या घरी, आजोबा."

"बघ," बाबा लेकीला म्हणाले. बाहेर येईपर्यंत ते कुंड्यांच्या मातीवर बोलायला लागले होते.

तिच्या कानात 'नऊ वेळा' अडकलं होतं. नऊ गोष्टी होत्या त्या. वेळा किती, ते स्क्रिप्टने मोजलंच नव्हतं. बाकावर बसून तिने मोबाईलवर मूळ फाईल उघडली. गॅस बंद करायचा राहिला. किल्ली सापडत नाही. गॅस बंद करायचा राहिला. गॅस बंद करायचा राहिला. गॅस मोजता मोजता ती एकेचाळीसवर थांबली. फाईल अजून संपली नव्हती.

ती उठून परत डॉक्टरांच्या दाराकडे वळली. बाबांनी तिचं मनगट धरलं.

"बाबा, माझी चूक झाली. पुन्हा पुन्हा आलेलं सगळं मी काढून टाकलं."

"माहीत आहे," ते खालच्या आवाजात म्हणाले. "म्हणून तर तुझ्याकडे दिली. तू काय काम करतेस, ते अजून विसरलो नाही मी."