मिटवून या

बायको गेल्याचं रविवारी दुपारी इस्पितळातल्या नर्सने सांगितलं. आम्ही फ्रीमेसन संघटनेतले बंधू बायकांसह मोटारसायकली घेऊन पावसात दोन दिवस भटकायला निघालो होतो. पाठ धरली म्हणून ती माझ्या मागून उतरून आमच्यातल्याच एका डेंटिस्ट बंधूच्या गाडीवर बसली, कारण त्याच्या सीटला टेकायला पाठ होती. ओल्या वळणावर तो दुसऱ्या एका बंधूशी शर्यत लावत होता आणि गाडी घसरली. त्याला साधं खरचटलंसुद्धा नाही.

भांडण असलेल्या दोन बंधूंनी एकत्र सभेला बसायचं नाही, असा आमच्या लॉजचा, म्हणजे शाखेचा, नियम आहे. पुढच्या सभेला अध्यक्ष मला आणि डेंटिस्टला म्हणाले, "दोघं बाहेर जा आणि मिटवून या."

बाहेर जाताच मी हेल्मेट उचलून त्याच्या तोंडावर हाणलं. तो पडला तरी हाणत राहिलो. त्याचे पुढचे दात फरशीवर पडले.

"घे, आता स्वतःचेच बसव," मी म्हणालो.

त्याने मला अडवलंही नाही. रक्त थुंकून म्हणाला, "वहिनी सारख्या सांगत होत्या, भावजी, हळू घ्या. मी हसून म्हटलं, घट्ट धरा."

मग पडल्या पडल्याच त्याने हात पुढे केला.

तो मी अजून हातात घेतलेला नाही.