बरोबरीचा कौल

त्या हिवाळ्यात आयोवामध्ये मार्लिस आपल्या उमेदवारासाठी गुडघाभर बर्फातून दारोदार हिंडली. राष्ट्राध्यक्षपदासाठी पक्षाचा माणूस निवडायची देशातली पहिली फेरी इथलीच. सभा शाळेत भरली; मत द्यायचं ते आपल्या उमेदवाराच्या कोपऱ्यात उभं राहून. जन्मात मत न दिलेल्या नवऱ्यालाही तिने ओढून आणलं. “एका माणसानेही फरक पडतो, डेल्बर्ट!” तो सरळ दुसऱ्या उमेदवाराच्या कोपऱ्यात जाऊन उभा राहिला. त्याच्यामुळे दोन्हीकडची डोकी सारखी झाली. बरोबरी सोडवायला सभेच्या अध्यक्षांनी नियमाप्रमाणे नाणं उडवलं. मार्लिसची बाजू जिंकली, टाळ्या कडाडल्या. डेल्बर्टने टोपी चढवली. “यापेक्षा घरी गाईंना चारा घातला असता.” मार्लिसच्या अंगाचा तिळपापड झाला. “माणसं समोर उभी असताना नाणं कसलं उडवता?” “अगं, जिंकलीस ना!” अध्यक्ष हसले. “आता पुढच्या फेरीला, जिल्ह्याच्या सभेला, इथली प्रतिनिधी तूच.” तिने नाणं उचलून त्यांच्या हातावर आपटलं. “निवडून हे आलंय. ह्यालाच पाठवा!” ती नवऱ्यापाठोपाठ बाहेर पडली.