सहावीचा कौल

चंद्रावती सहावीत दुसऱ्यांदा नापास झाली, तेव्हा तिच्या वडिलांनी, कृष्णनाथांनी, तिला शाळेतून काढून काजूच्या कारखान्यात पाठवायचं मनात घेतलं. पण पेडण्याकडच्या गावात एवढी मोठी गोष्ट देवाला विचारल्यावाचून कोण करतो? ते लेकीला घेऊन कौल लावायला देवळात आले.

गुरवाने देवाच्या मूर्तीवर उजवीकडे नि डावीकडे ओल्या पाकळ्या चिकटवल्या; जी आधी गळून पडेल, तो देवाचा कौल. मग त्याने गाऱ्हाणं घातलं, "देवा महाराजा, चेडवाची शाळा सोडवची आसात, तर उजवी दी. शिकवची आसात, तर डावी दी."

चंद्रावती डाव्या पाकळीवर डोळे रोवून बसली. पाकळी हलेना. उजवीही हलेना. समईतलं तेल सरत आलं, कृष्णनाथांच्या पायांना मुंग्या आल्या, तरी देव आपला गप्प.

शेवटी गुरव म्हणाला, "आज देव काय सांगणा नाय. उद्या सकाळी परत इचारूया."

आता मात्र चंद्रावतीला राहवलं नाही. "बाबा, देवाक उत्तर येणा नाय, तरी तेका उद्या परत इचारतले. मगे माकाच कित्याक कारखान्यात धाडतास?"

गुरव तोंडाला उपरणं लावून हसू लागला. कृष्णनाथांनी एकदा देवाकडे पाहिलं, एकदा लेकीकडे, आणि गुडघ्यावर हात टेकून ते उठले.

"उद्या आमका जमाचा नाय, गुरवानू. चेडवाक शाळेत पोचवूक व्हया."