एक नग, एक माणूस

"मुलांचं संगोपन ही बरोबरीची भागीदारी आहे. तिथे कोणी मालक नाही, कोणी नोकर नाही!" असं गोदामाच्या व्यवस्थापकाने दारात उभं राहून जाहीर केलं आणि तो जाऊन गाडीला टेकला. मागून बायको आली. एका हाताला थोरली, दुसऱ्या हाताला धाकटा, खांद्याला पिशवी, दातांत गाडीची किल्ली.

"किल्ली आणलीस ना?" त्याने विचारलं.

तिने उत्तर दिलं नाही. देता येण्यासारखं नव्हतं.

गाडी सुरू झाल्यावर मात्र तिचं तोंड मोकळं झालं. "उद्या सकाळी साहेबांना सांगायचंय. महिनाभराचं प्रशिक्षण आहे, परगावी. सगळ्या प्रयोगशाळेतून माझं एकटीचं नाव लागलंय. जाऊ की नको?"

"जा की. मी आहे ना!"

"तू आहेस, हीच काळजी आहे. गेल्या वेळी बागेत दोघांना घेऊन मी बाथरूमच्या रांगेत उभी, आणि तू फोटो काढत होतास."

"आठवण राहावी म्हणून."

"राहिलीय. चांगलीच राहिलीय."

व्यवस्थापक सीटवर ताठ बसला. "हे बघ, माझ्या गोदामात एकच नियम आहे. एक नग, एक माणूस. दोघांनी बघायचं म्हटलं की कोणीच बघत नाही. थोरली तुझी, धाकटा माझा. घरी परतेपर्यंत त्याचं सगळं मी करणार. तू बोटसुद्धा लावायचं नाहीस."

"ठीक. जमलं तर उद्या हो सांगते. नाही जमलं तर नाही सांगते, आणि मग तू जन्मभर ऐकशील."

मुलांच्या खेळघरात शिरताशिरताच तोंडं रंगवणारी एक मुलगी बसली होती. तिच्या पाटीवर बरेच प्राणी होते, हाताला मात्र वाघच येत होता. ससा मागितला की वाघ. फुलपाखरू मागितलं तरी मिशीवाला वाघ. वर प्रत्येकाला कान असलेल्या टोपीचं केशरी जॅकेट. थोरलीने साफ नकार दिला. धाकटा डरकाळी फोडत चेंडूंच्या हौदात पडला. तिथे आधीच बरेच वाघ होते.

"त्याचं नाक पूस," काठावरून बायको म्हणाली.

"माझा नग आहे. मी बघेन."

"नग? पोरगा आहे तो!"

"माझ्या कामात नाक खुपसू नकोस!"

"त्याचं पुसलं असतंस, तर मला माझं खुपसावं लागलं नसतं!"

आवाज चढले. आजूबाजूचे आईबाप मोठ्या आवडीने दुसरीकडे बघू लागले. व्यवस्थापकाला असा काही राग आला की त्याने हौदात हात घालून वाघ उचलला, खांद्यावर टाकला, बायकोच्या हातून डबा हिसकावला आणि ताडताड वरच्या मजल्यावरच्या उपाहारगृहात निघून गेला.

खुर्चीवर टेकतो न टेकतो तोच फोन वाजला. बायको. त्याने कापला. पुन्हा बायको. तपासणी! जरा म्हणून धीर नाही बाईला. त्याने फोनच बंद करून टाकला.

मग डबा उघडला. गाजराचे तुकडे. घरी गाजर दिसलं की टेबलाखाली शिरणारं पोर, आज निमूट खात होतं. एरवी तोंडाचा पट्टा अखंड चालू, आज चकार शब्द नाही. बापाचा धाक म्हणतात तो हाच. शू विचारली, मान हलली. नेलं, आणलं. एक थेंब इकडे नाही की तिकडे नाही.

"किती गुणी बाळ!" शेजारच्या टेबलावरच्या आजी म्हणाल्या. "नि वडीलही."

"घरी आई डोक्यावर चढवून ठेवते हो," व्यवस्थापक म्हणाला. त्याचा राग आता छान मुरत होता. बायकोला काय काय सुनवायचं, याची वाक्यं तो मनात घोटून गुळगुळीत करत होता. तुझ्याकडेच का रडतो तो? तुझ्याकडेच का गाजर थुंकतो?

वाघाने टोपी डोळ्यांवर ओढली आणि त्याच्या मानेत तोंड खुपसून झोपून गेला. व्यवस्थापक उठला. पोर जरा जड लागलं. एका डब्यात!

जिना उतरला तर खाली गर्दी. मधोमध एक जोडपं एकमेकांवर तुटून पडलं होतं.

"मला वाटलं तू बघतेयस!"

"तुला सांगून पाणी आणायला गेले होते ना रे मी!" बाई रडत होती. "कानाला फोन लावून हो म्हणालास!"

"जरा हळू," व्यवस्थापक म्हणाला. "पोर झोपलंय."

दोघं गप्प झाली. अशी संधी त्याला घरात कधी मिळत नसे.

"रागावू नका, पण चूक तुमच्या पद्धतीत आहे. मुलांना बाहेर आणायचं म्हणजे वाटणी हवी. एक नग, एक माणूस. हा बघा माझा. खाल्लं, शू झाली, झोपला. आणि आई कुठे आहे? निवांत बसलीय!"

"तुमचं झालं असेल तर बाजूला व्हा!" बाई किंचाळली.

तेवढ्यात त्याला बायको दिसली. गर्दीतून तिचं डोकं तेवढं वर होतं, आणि दोन्ही हात खाली गुंतल्यासारखे, म्हणून कोपरांनीच वाट काढत ती त्याच्याचकडे येत होती. घामाघूम. व्यवस्थापकाने छाती पुढे काढली.

"बघितलंस?" तो सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडला. "उद्या साहेबांना खुशाल हो सांग!"

त्या आवाजाने वाघ जागा झाला. त्याने टोपी मागे सारली, इकडेतिकडे बघितलं आणि व्यवस्थापकाचा कान हळूच ओढला.

"काका, मला खाली उतरवा ना. माझी आई रडतेय."