डॉक कॅटफिशची उरलेली गाणी

"आई, हे काय चाललंय तुमचं?"

लाकेंड्रा स्वयंपाकघराच्या दारातच थबकली. तिच्या सासूबाई, मिस ओडेसा, नाकावर चष्मा ओढून एका शाळकरी वहीत भराभरा लिहीत होत्या. पान जुनं दिसावं म्हणून मधूनच बोटं कॉफीत बुडवून त्यावर शिंपडत होत्या.

"गाणी लिहितेय. रेकॉर्ड कंपनीचा तो व्हिटलो अकराला येतोय ना? त्याला मार्व्हेलची वही हवी आहे. मिळेल."

"मेलेल्या माणसाच्या नावावर खोटी गाणी? तुरुंगात जाल आई!"

"तिथे गॅस तरी चालू असेल."

घरचा गॅस तोडून नऊ दिवस झाले होते. लाकेंड्राचा नवरा मार्व्हेल, म्हणजे अख्ख्या मेम्फिसचा लाडका रॅपर डॉक कॅटफिश, जानेवारीत स्टेजवरच हृदय बंद पडून गेला. वय चौतीस. अंत्ययात्रेला चार हजार माणसं लोटली. मोठमोठे रॅपर कॅमेऱ्यासमोर ढसाढसा रडले, 'भावाचं कुटुंब ते माझं कुटुंब' म्हणाले, आणि दुसऱ्या दिवसापासून फोन उचलेनासे झाले. मग एकेक वस्तू आपापल्या मालकाकडे परत गेली. गाडी भाड्याची निघाली. गळ्यातली हिऱ्यांची साखळी हप्त्यांवरची. बंगलाही भाड्याचाच, आणि मालकाने तो फुलं सुकायच्या आत रिकामा करून घेतला. लाकेंड्रा दोन मुलींना घेऊन सासूच्या दोन खोल्यांत आली. थडग्यावर दगड बसवायला पैसे नव्हते, नुसती नंबराची पट्टी होती. चाहते येत आणि शेजारच्या एका दंतवैद्याच्या थडग्यावर फुलं वाहून, रडून जात.

गाणी मात्र गल्लीगल्लीत वाजत होती. लाकेंड्राने विचारलं तर कंपनीने पत्र धाडलं: डॉकने चार लाख डॉलरची उचल घेतली होती. ती फिटेपर्यंत गाणाऱ्याच्या वाट्यातला एक सेंटही घरी येणार नाही.

अकराच्या ठोक्याला व्हिटलो आला. त्याच्या बगलेत चामडी बॅग होती आणि हातात भिंग.

"राग मानू नका, मिस ओडेसा," तो खुर्चीत टेकत म्हणाला. "डॉकच्या वह्या विकायला आतापर्यंत सात जण आले. एकाच्या वहीत तर डॉकने स्वतःच्या अंत्ययात्रेचं वर्णन केलं होतं."

त्याने बॅगेतून डॉकच्या पहिल्या अल्बमची वही काढली. कंपनीच्या तिजोरीतली, सोळा वर्षांपूर्वीची. ती नव्या वहीशेजारी ठेवून तो भिंग घेऊन वाकला. लाकेंड्राच्या तोंडचं पाणी पळालं. सासूबाई शांतपणे ओटा पुसत होत्या.

व्हिटलो मोठ्याने वाचू लागला:

"दानपेटीत टाकी डीकन नोट एकच मोठी,
सुटे म्हणून दोन उचली, आमेन त्याच्या ओठी!"

चर्चच्या कारभाऱ्याची ती टर वाचून तो खो खो हसला. मग पुन्हा भिंगावर वाकला. वर पाहिलं तेव्हा त्याचे डोळे भरून आले होते.

"तोच आहे हो! हे 'जी'चं शेपूट बघा, उंदरासारखं. दोन्ही वह्यांत तेच. 'टी'ची आडवी रेघही तशीच तिरपी. शंकाच नको!"

लाकेंड्राने स्टूल ओढून वह्यांत डोकावलं. सासूबाईंनी अक्षर एवढं हुबेहूब कधी गिरवलं?

"नक्की ना?" मिस ओडेसांनी विचारलं. "मग तसं लिहून द्या. दोन्ही वह्या एकाच हाताच्या आहेत आणि ज्याचा हात त्याचीच गाणी, असं. उद्या कुणी आम्हाला लबाड म्हणायला नको."

"आनंदाने!" व्हिटलोने कंपनीच्या कागदावर लिहिलं, सही ठोकली, शिक्काही मारला. लाकेंड्राने साक्षीदाराची सही इतक्या घाईने केली की तिचं आडनाव ओळीबाहेर गेलं.

"आणखी एक सांगा," मिस ओडेसा कागद घडी करत म्हणाल्या. "गाणाऱ्याने उचल घेतली, तर लिहिणाऱ्याचे पैसेही त्यात जातात का?"

"छे! लिहिणाऱ्याचा वाटा वेगळा. गाणारा आणि लिहिणारा वेगळे असते तर लिहिणाऱ्याला कधीच सगळे मिळाले असते. पण आमच्या करारात गाणी डॉकनेच लिहिली असं आहे, म्हणून ते पैसेही उचलीत गेले." व्हिटलोने हळहळून मान हलवली आणि पाचशे डॉलर मोजून ठेवले. "एवढी पावती द्या, म्हणजे मी निघतो."

मिस ओडेसांनी पेन उचललं. पुरत्या चार ओळींची पावती लिहिली आणि कागद त्याच्यापुढे सरकवला.

व्हिटलोने पावती वाचली. मग भिंग घेऊन वाचली. मग पहिली वही ओढून तिच्याशेजारी धरली. त्याचा चेहरा हळूहळू कॉफीत भिजलेल्या पानासारखा झाला. लाकेंड्रा त्याच्या खांद्यावरून वाकली आणि तिलाही पावतीतल्या 'जी'चं तेच उंदरासारखं शेपूट दिसलं.

"आई," ती म्हणाली, "म्हणजे सोळा वर्षं..."

"त्याचं नाव होत होतं गं. मी कशाला मधे बोलू?" मिस ओडेसांनी व्हिटलोच्या सहीचा घडी केलेला कागद एप्रनच्या खिशात खोल सारला.

"अहो, पण..." व्हिटलो घामाघूम झाला होता, "सगळी गाणी? अक्षर न् अक्षर तुमचं?"

मिस ओडेसा ताठ बसल्या.

"शिव्या त्याच्या," त्या म्हणाल्या. "मी चर्चला जाणारी बाई आहे."